एका वाचनालयाचं पेज तपासायला घेतलं तेव्हा

एका वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमचा फोन आला, आमच्या वेबसाइटचं नवीन पेज झालंय, जरा बघून सांगता का कसं वाटतंय. मी लगेच उघडलं आणि दहा मिनिटांत अर्धं पान मत लिहून काढलं. वरचा फोटो फार मोठा, निळा रंग भडक, फॉन्ट बरा, अगदी तळाच्या पट्टीत, म्हणजे फूटरमध्ये, गर्दी. पाठवायच्या आधी एकदा वाचलं आणि थांबले, कारण त्यातल्या एकाही वाक्यावर कोणी "कशावरून?" असं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फोटो मोठा म्हणजे कशाच्या मानाने मोठा? निळा भडक म्हणजे कोणाच्या डोळ्यांना? ते सगळं खोडलं आणि मॅडमना उलटा फोन लावला, म्हटलं कसं वाटतंय ते नंतर सांगते, आधी मला हे सांगा की या पेजवर लोक येतात कशाला.

मॅडम म्हणाल्या, "सभासद व्हायला." मग मी विचारलं की काउंटरवर आणि फोनवर लोक सगळ्यात जास्त काय विचारतात, तर त्यांना पटकन सांगता येईना. म्हणून एक साधी गोष्ट करायला सांगितली, फोनच्या शेजारी एक कागद ठेवा आणि आठवडाभर प्रत्येक फोनमागे एक रेघ मारा, कशासाठी आला होता त्याच्या रकान्यात. आठवड्याने कागदाचा फोटो आला. सगळ्यात जास्त रेघा "आज उघडं आहे का, किती वाजेपर्यंत" याला, त्याखालोखाल "घेतलेल्या पुस्तकाची मुदत वाढवायची आहे", मग "अमुक पुस्तक आहे का", आणि सभासद व्हायचंय हे चौथ्या नंबरवर. आता पेज बघा. वर पाच फोटोंचा आपोआप सरकणारा स्लायडर, खाली स्वागताचा मजकूर, अध्यक्षांचं मनोगत, फोटो गॅलरी, मग सभासदत्वाचा फॉर्म. वेळा कुठे, तर फूटरमध्ये, फिकट राखाडी अक्षरात. माझ्यासाठी मूल्यमापन खरं इथे सुरू झालं, कारण आता पेजला ताडून बघायला काहीतरी होतं.

मग मी एका कागदावर लिहून घेतलं की येणारा माणूस कोण, कशाला आला, कुठल्या डिव्हाइसवर. व्हिजिटच्या आकड्यांत मोबाइलवाले जास्त दिसत होते, म्हणून पुढचं सगळं आधी मोबाइलवर आणि मग मोठ्या स्क्रीनवर करायचं ठरवलं. सोपं वाटतं पण सवयीने हात लॅपटॉपकडेच जातो.

पहिल्यांदा काहीच न वाचता फक्त नजर टाकली. पेजचा स्क्रीनशॉट घेऊन रंग काढून टाकले आणि डोळे किलकिले करून बघितलं. डोळे बारीक केले की अक्षरं पुसट होतात आणि फक्त वजन उरतं, कुठला भाग गडद, कुठला मोठा, नजर कुठे ओढली जाते ते कळतं. इथे नजर ओढत होत्या दोनच गोष्टी, वरचा फोटो आणि फोटो गॅलरीचं बटण. पुस्तक शोधायची पेटी होती, पण तिची कड इतकी फिकट की ती विरघळूनच गेली होती. मग शेजारच्या काकूंना पाच सेकंद पेज दाखवलं आणि बंद करून विचारलं, कशाचं होतं हे? त्या म्हणाल्या, "शाळेचं आहे का गं?" कारण स्लायडरचा पहिला फोटो बक्षीस घेणाऱ्या मुलांचा होता, आणि वाचनालयाचं नाव त्याच फोटोवर पांढऱ्या अक्षरात, मुलांच्या पांढऱ्या शर्टांवर येऊन बसलेलं.

त्यानंतर जागा मोजली. एकमेकांजवळ असलेल्या गोष्टी आपण एकाच गटातल्या समजतो, हे वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ सालीच मांडून ठेवलंय आणि पेज तपासताना मला सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. इथे प्रत्येक हेडिंगच्या वर १२ पिक्सेल जागा आणि खाली ३०. म्हणजे हेडिंग आपल्या मजकुरापासून लांब आणि आधीच्या विभागाला चिकटलेलं. "आगामी कार्यक्रम" हे हेडिंग मनोगताची शेवटची ओळ वाटत होतं. एवढे दोन आकडे उलटे केले असते तर अर्धं पेज सुटसुटीत दिसलं असतं, रंगाला हातही न लावता. मी ब्राउझरच्या डेव्हलपर टूलमध्ये करूनही बघितलं, आणि ज्याला मी सुरुवातीला "गर्दी" म्हणत होते ती गर्दी म्हणजे हीच होती.

कॉन्ट्रास्टला, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातल्या फरकाला, मात्र मताची गरजच नसते, तो मोजता येतो. वेबसाइट दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाची जी मार्गदर्शक तत्त्वं आहेत त्यांच्या डबल-ए या मधल्या पातळीला साध्या मजकुरासाठी कमीत कमी ४.५ ला १ लागतं, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतं. फूटरमधल्या वेळांचा रंग, हेक्स कोडमध्ये, म्हणजे वेबवर रंग लिहायच्या सहा अक्षरी कोडमध्ये, सहा वेळा ९, पांढऱ्यावर २.८५ ला १. म्हणजे ज्या माहितीसाठी सगळ्यात जास्त फोन येतात तीच पेजवर सगळ्यात फिकट. हाच राखाडी ७६७६७६ केला तर ४.५४ होतो आणि पास होतो, दिसायला फारसा फरक पडत नाही. रिपोर्टमध्ये असा आकडा दिला की वाद होत नाही हा माझा अनुभव आहे.

आता मराठी अक्षरांचं. पेज दोन भाषांत होतं, आणि इंग्रजीसाठी ठरवलेली मापं जशीच्या तशी मराठीला लावली होती. हेडिंगला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं, इंग्रजीत ते चांगलं दिसत होतं पण देवनागरीत शिरोरेघ तुटते, शब्दाचा शब्द राहत नाही, सुटी अक्षरं होतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या १.२ पट, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांना टेकत होत्या. मी अक्षरांमधलं वाढवलेलं अंतर शून्य केलं, ओळींचं १.६ केलं, आणि पेज श्वास घ्यायला लागलं. मला हे मनापासून लागतं, कारण डिझाइन आधी इंग्रजीत पास करून घ्यायचं आणि मराठी मागाहून ओतायची असंच बहुतेक वेळा होतं, आणि मग वाचणाऱ्याला वाटतं की मराठी स्क्रीनवर वाचायला कठीणच असते. ती कठीण नसते, तिला जागा दिलेली नसते.

मग माऊस बाजूला ठेवला आणि फक्त कीबोर्डवर पेज चालवलं. टॅब दाबत गेले तर मी कुठे आहे तेच दिसेना, कारण फोकसची चौकट, म्हणजे आपण आत्ता कशावर आहोत ते दाखवणारी कड, दिसायला चांगली नाही म्हणून कोणीतरी काढून टाकली होती. मोजून २३ वेळा टॅब दाबल्यावर शोधपेटी आली, मधे थेट मुख्य मजकुरावर न्यायची लिंक नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो, तो लावून डोळे मिटून ऐकलं तर स्लायडरचे बाण आले की नुसतं "बटण, बटण", कशाचं बटण ते नाही. आणि तो स्लायडर दर चार सेकंदांनी सरकणार, थांबवायची सोय नाही. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलत राहणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे असं त्याच डब्ल्यूसीएजीत सांगितलंय. सावकाश वाचणाऱ्या माणसाची सूचना वाचून व्हायच्या आत निघून जाते, हे मी नंतर डोळ्यांनी बघितलं.

वेगाचं थोडक्यात सांगते. क्रोम ब्राउझरमधलं लाइटहाउस हे पेज तपासायचं टूल चालवलं, शंभरपैकी परफॉर्मन्स म्हणजे वेगाला ४८, ॲक्सेसिबिलिटी म्हणजे सगळ्यांना वापरता येण्याला ९१. हे ९१ बघून मॅडम खूश झाल्या, तेव्हा त्यांना समजावून सांगावं लागलं की हे टूल आपोआप तपासता येण्यासारख्या गोष्टीच बघतं, नाहीशी झालेली फोकसची चौकट त्या ९१ मध्ये धरलेलीच नाही. पेजवरचा सगळ्यात मोठा तुकडा दिसायला ६.२ सेकंद लागत होते, चांगल्याची मर्यादा २.५ आहे. कारण पहिला फोटो ३.८ एमबीचा, आणि वर त्याला लेझी लोडिंग, म्हणजे गरज पडेल तेव्हाच फोटो मागवायची सोय, लावलेलं, जे खरं तर खाली असलेल्या फोटोंना लावायचं असतं, अगदी वरच्या फोटोला लावलं तर ब्राउझर तोच फोटो उशिरा मागवतो. लेआउट सरकण्याचा आकडा ०.२७ आला, तो ०.१ च्या आत हवा. तो का आला हे आकडा बघण्याआधीच अंगठ्याला कळलं होतं, मी मोबाइलवर "कार्यक्रम" दाबायला गेले आणि त्याच क्षणी वरून सूचनांची पट्टी आली, सगळं खाली ढकललं गेलं आणि दुसरंच काहीतरी उघडलं.

इथपर्यंत माझ्याकडे १९ मुद्दे झाले होते आणि मला वाटत होतं की काम झालं. पण याकोब निल्सन आणि रॉल्फ मोलिक या वापरसुलभतेच्या अभ्यासकांनी १९९० मध्ये तत्त्वांच्या यादीवरून इंटरफेस तपासायची जी पद्धत मांडली, तिच्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे की एकट्याने तपासू नये. निल्सनच्या अभ्यासांत एकटा तपासणारा सरासरी ३५ टक्केच दोष पकडायचा, म्हणून ते तीन ते पाच जण घ्या म्हणतात, आणि एकमेकांशी न बोलता. मी दोन ओळखीच्यांना बसवलं, एक मैत्रीण जी फॉर्म डिझाइन करते आणि एक दादा जे टेस्टिंग करतात. निल्सनची १९९४ ची दहा तत्त्वं समोर ठेवून तिघांनी वेगवेगळं तपासलं आणि मग याद्या एकत्र केल्या, पुन्हा पुन्हा आलेले काढून ३१ मुद्दे उरले. मैत्रिणीला दिसलं की एकाच कामाला एका ठिकाणी "सबमिट", दुसरीकडे "पाठवा", तिसरीकडे "जतन करा" लिहिलंय. दादांना दिसलं की पुस्तक शोधून एकावर गेलं आणि मागे आलं की शोध पुसला जातो, परत पहिल्यापासून टाइप करा. मी दोन्ही ठिकाणांवरून गेले होते आणि दोन्ही मला दिसले नव्हते.

आणि तरीसुद्धा आम्हा तिघांकडून जी सगळ्यात मोठी गोष्ट सुटली ती खऱ्या माणसांसमोर बसल्यावर कळली.

पाच जण बोलावले. पाच जणांत बहुतेक मोठे दोष दिसून येतात असं निल्सन यांचं म्हणणं आहे, ८५ टक्के वगैरे, पण तो हिशेब प्रत्येक पेजला तंतोतंत लागू होईल असं समजू नये, मी पाच घेतले कारण त्यानंतर तेच तेच ऐकू यायला लागतं आणि मग दुरुस्ती करून पुन्हा नवे पाच बसवलेले बरे. काम सांगताना पेजवरचा शब्द वापरायचा नाही हे पक्कं ठरवलं होतं, नाहीतर माणूस तो शब्द शोधतो आणि दाबतो. म्हणून सांगितलं, "तुमच्याकडे एक पुस्तक आहे, परवा परत द्यायचंय, पण वाचून झालं नाही. काय कराल?" आणि मग गप्प बसले.

पेजवर त्यासाठी "नूतनीकरण" अशी लिंक होती. ठळक, मेनूतच, मोबाइलवरही दिसेल अशी. पाचपैकी चौघांनी ती वाचली आणि पुढे गेले. एका ताईंनी तर बोट तिच्यावर ठेवून म्हटलं, "हे सभासदत्वाचं असणार, माझं अजून संपलं नाहीये." त्या बरोबर होत्या. नूतनीकरण म्हटलं की सभासदत्व, परवाना असंच डोक्यात येतं, पुस्तकाची मुदत वाढवायची असते, तिचं कोणी नूतनीकरण म्हणत नाही. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये मात्र म्हणतात. मॅडमनी मला पहिल्याच दिवशी तो शब्द समजावून सांगितला होता, मी तो बाकीच्या दोघांना सांगितला होता, आणि त्यामुळे आम्हा तिघांनाही तो शब्द खटकणं शक्यच नव्हतं. दहा तत्त्वांतलं दुसरंच तत्त्व आहे की वापरणाऱ्याच्या जगातली भाषा वापरा, ते आम्ही तिघांनी वाचलं होतं, त्यावर टिक केली होती. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं, कारण फोनशेजारच्या त्या कागदावर लोकांचा शब्द लिहिलेलाच होता, "मुदत वाढवायची आहे", आणि मी तो रेघा मोजायला वापरला, वाचला नाही.

फॉर्मच्या वेळी गप्प बसणं सगळ्यात कठीण गेलं. एक काका सभासदत्वाचा फॉर्म भरत होते, नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं एका बोटाने, सावकाश. रकान्यांची नावं रकान्याच्या आतच फिकट अक्षरात होती, टाइप करायला लागलं की ती गायब, त्यामुळे मधेच थांबून "इथे काय लिहायचं होतं?" असं ते स्वतःशीच म्हणत होते. फोन नंबर त्यांनी मधे जागा सोडून लिहिला, जसा आपण वाचायला सोपा जावा म्हणून लिहितो तसा. बटण दाबल्यावर वर लाल अक्षरात "अवैध माहिती" आणि पूर्ण फॉर्म रिकामा. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. नंबरातली जागा काढून टाकणं हे पेजचं काम आहे, एका ओळीच्या कोडचं. त्यांनी सगळं परत भरलं, बटण दाबलं, तीन सेकंद काहीच हललं नाही म्हणून पुन्हा दाबलं, आणि दोन अर्ज गेले. एका सेकंदाच्या पुढे उशीर झाला की माणसाच्या विचाराची लय तुटते हे पुस्तकी वाक्य वाटतं, पण काकांचं दुसऱ्यांदा खाली गेलेलं बोट बघितलं की ते पुस्तकी राहत नाही.

मग गंभीरपणाचे गुण द्यायला बसलो. ० ते ४ अशी पट्टी असते, ० म्हणजे दोष नाहीच, १ नुसतं दिसण्यापुरतं, २ किरकोळ, ३ मोठा, ४ म्हणजे हे सुधारल्याशिवाय पेज लोकांपुढे ठेवू नये. किती जणांना अडतं, अडलं तर किती अडतं, आणि एकदा कळलं की सुटतं की दर वेळी अडतं, हे तिन्ही बघायचं. "नूतनीकरण"ला तिघांनी ४ दिले, फॉर्म रिकामा होण्याला ४, वेळांच्या फिकटपणाला ३. स्लायडरवर एकमत होईना, मी ३ म्हणत होते, दादा २, शेवटी गुणांची सरासरी घेतली. निळ्या रंगाला मी स्वतः ० दिला. सुरुवातीला तो मला भडक वाटला होता, पण पाच जणांपैकी कोणाचंही त्याने काही अडवलं नव्हतं, मग तो माझ्या आवडीचा प्रश्न होता, पेजचा नाही.

रिपोर्ट सहा पानांचा केला. प्रत्येक मुद्द्याला स्क्रीनशॉट, काय दिसलं, कोण कुठे अडलं, कारण काय असावं, आणि काय करता येईल. चांगल्या गोष्टीही लिहिल्या, आणि त्या नुसत्या गोड बोलायला नाही, उदाहरणार्थ एका पुस्तकाची माहिती दाखवणारा भाग अतिशय सुंदर होता, प्रत किती, आत्ता आहे का, नसेल तर कधी येणार, एका नजरेत सगळं. ते लिहिलं नाही तर दुरुस्तीच्या भरात चांगलंच काढून टाकलं जातं.

ज्या मुलाने पेज बनवलं होतं तो मीटिंगला आला तेव्हा जरा आखडून बसला होता. मी त्याला प्रत्येक मुद्द्याआधी विचारलं, हे असं ठेवण्यामागे काय होतं? स्लायडरचं कळलं की समितीला पाच सूचना सगळ्यात वर हव्या होत्या आणि जागा एकाचीच होती, त्याने त्यातून काढलेला तो मार्ग होता. हे मला आधीच विचारायला हवं होतं. कारण नुसतं "स्लायडर काढा" म्हटलं असतं तर समितीने महिन्याभरात तो परत लावायला सांगितला असता. आम्ही तिथेच बसून सूचनांची साधी यादी केली, तारखेसकट, ताज्या तीन वर आणि बाकीच्या "सगळ्या सूचना" मध्ये. ती समितीलाही पटली.

दुरुस्तीनंतर पुन्हा मोजलं. मोठा तुकडा २.१ सेकंदात, सरकणं ०.०४. नवे तीन जण बसवले, जुन्या पाचांपैकी कोणी नाही कारण त्यांना वाट माहीत झाली होती. "पुस्तकाची मुदत वाढवा" तिघांनाही पटकन सापडलं. फॉर्म एकदाच भरला गेला. पण वाचनालयाच्या वेळा, ज्या आता सगळ्यात वर रंगीत पट्टीत ठळक लावल्या होत्या, त्या दोघांना दिसल्याच नाहीत, दोघंही खाली संपर्काच्या पानावर शोधायला गेले. विचारलं तर एकजण म्हणाली, "वरचं मला जाहिरात वाटली." ही सूचना माझीच होती. ठळक करायच्या नादात पट्टी जाहिरातीसारखी झाली आणि जाहिरातीसारख्या दिसणाऱ्या गोष्टीवरून नजर आपोआप उडी मारते. पट्टीचा रंग काढला, नावाच्या खाली साध्या काळ्या अक्षरात "आज उघडं आहे, रात्री ८ पर्यंत" अशी एक ओळ ठेवली, जी दिवसाप्रमाणे बदलते. पुढच्या तिघांनी ती वाचली.

मागच्या आठवड्यात मॅडमचा परत फोन आला, आता पुस्तक शोधायच्या पानाचंही बघाल का. मी हो म्हटलं आणि विचारायच्या आतच त्या म्हणाल्या की फोनशेजारी कागद लावून झालाय, आणि या वेळी रेघेसोबत माणूस जे बोलला ते शब्दही लिहून घेतोय.